देखरेख

बांबोळीच्या टेकडीवर दुपारी चारला
किचनचा एक्झॉस्ट बंद पडला
की आहार विभागात पेन्सिल ऐकू येते.
आडव्या रेघा: सव्वीस आठवडे.
उभ्या रेघा: तीन मुली.
प्रज्योती गांवस, वाळपईची.
शबनूर शेख, बायणा, वास्को.
रेझिल्डा फुर्तादो, चिंचिणी.

चौकोन रिकामे असतात तोवर शहाणे असतात.
मग त्यांत माणसं शिरतात.

किचन पहाटे साडेपाचला पेटतं,
वाळपईची पहिली कदंब त्यानंतर सुटते.
म्हणून प्रज्योतीला किचन दिवाळीनंतर.
तोवर हॉस्टेलात खोली होईल, म्हणाली वॉर्डन,
म्हणजे होणार नाही.
बालरोग विभागातल्या ग्लेंडाला ऑगस्टात नववा लागेल.
नियमात लिहिलंय, रोज पर्यवेक्षकाची सही हवी.
नियमात बाळाचं काही लिहिलेलं नाही.

चवथीला वॉर्ड ओस पडतो.
मधुमेहाची माणसं घरी जातात,
आणि सहाव्या दिवशी परत येतात
नजर चुकवत.
तो सहावा दिवस मी मुद्दाम शबनूरला दिलाय.
तिनं ऐकावं, आवाज न चढवता कसं विचारायचं
नेवऱ्या किती खाल्ल्या,
आणि तीन म्हणाला तर मनात सहा कशा धरायच्या.

मला हे पेर्पेत मॅडमनी शिकवलं.
पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या तारवट्याला
मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं:
सकाळी ओट्स, साय काढलेलं दूध.
त्यानं कागदाची घडी केली, उशीखाली सारली.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी माझ्या हातात ट्रे दिला,
उकड्या तांदळाची पेज, वाटीभर भाजी.
‘बस तिथं. त्याचं जेवून होईपर्यंत.’

चाळीस मिनिटं.
त्यानं मला तीन बंदरं सांगितली,
एक बुडता बुडता राहिलेलं जहाज,
आणि मिस्कूट का नाही, हे चार वेळा विचारलं.
शेवटी म्हणाला, ‘बाय, समुद्रातसुद्धा
कुणी मला ओट्स घातले नव्हते.’
मी पान नव्यानं लिहिलं.
पेज, किती वाट्या. मिस्कूट, किती थोडं.
तेव्हा कुठं मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

देखरेख या शब्दात
देख आधी आहे, रेख नंतर.
मी मात्र आज सकाळपासून नुसती आखतेय.

परवा रेझिल्डा दारात उभी राहिली, आत येईना.
‘मॅडम, मडगावचं डायलिसिस मला नको.’
पप्पा तिथंच. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तिसरी खाट.
‘घरी मी त्यांच्या ताटातला टोमॅटो काढते, ते रागावतात,
मी पण रागावते.
तिथं पांढरा कोट घालून कशी काढू?’

मी खोडलं.
तिला म्हापशाला हलवलं, तर शबनूर मडगावला गेली,
शबनूर मडगावला, तर प्रज्योती अंगणवाडीतून उठली,
आणि नोव्हेंबरात एक आठवडा असा उरला
ज्यात कुणीच कुठं नव्हतं.
पुन्हा खोडलं.
त्या जागी कागद इतका पातळ झालाय
की खालचा टेबलाचा सनमायका दिसतो.

मग लिहिलं: रेझिल्डा, मडगाव,
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
तिसऱ्या खाटेवर तेव्हा
दुसऱ्या कुणाचे तरी पप्पा असतील,
त्यांचाही टोमॅटो कुणीतरी काढत असेल, रागानं.
फोन करून सांगितलं.
पलीकडे बराच वेळ मिक्सर चालू होता.
‘बघते,’ म्हणाली.

उद्या डीनकडे पक्क्या शाईची प्रत जाईल.
ही माझ्या खणात राहील.
ग्लेंडाच्या जागी कोण, ते अजून ठरलेलं नाही.